पुन्हां इस्पितळाच्या दारीं

चिकाटीची गोष्ट निघाली कीं आपल्याकडे कोळ्याचा दाखला ठरलेला आहे. पराभूत राजा गुहेंत बसला आहे; समोर कोळी भिंतीवर चढतो, पडतो, पुन्हां चढतो आणि अखेर आपला धागा पलीकडे नेतो; तें पाहून राजालाही धीर येतो. शाळेंत गेलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असते. गोष्ट चांगली आहे, परंतु तिच्यांत एक उणीव आहे. कोळी दर खेपेस कां पडला, हें तींत कोणी विचारीत नाहीं. भिंत ओली होती, धागा तोकडा होता, कीं जागाच चुकीची निवडली होती? माणसाची चिकाटी कोळ्याच्या चिकाटीहून निराळी असावयाची ती एवढ्यापुरतीच कीं, माणसानें प्रत्येक पडण्याचें कारण शोधावें आणि पुढची खेप त्या कारणाला उत्तर म्हणून करावी.

हा फरक ज्यांच्या अनुभवाला फार जवळून येतो, त्यांत संसारासाठीं नोकरी सोडून कांहीं वर्षांनीं पुन्हां इस्पितळाकडे वळणाऱ्या परिचारिका आहेत. कल्पनेसाठीं अशी एक परिचारिका डोळ्यांपुढें आणावी. तिनें जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला, सहा वर्षें वॉर्डांत काम केलें, रात्रपाळ्या केल्या, मरणाच्या दारांतून परत आलेले रोगी पाहिले आणि परत न आलेलेही पाहिले. पुढें दुसरें मूल झालें, सासूबाईंना पक्षाघात झाला आणि तिनें नोकरी सोडली. त्या गोष्टीला आतां नऊ वर्षें झालीं. मुलें शाळेंत जाऊं लागलीं, सासूबाई निवर्तल्या, घरखर्च वाढला आणि मनांतून कधींच न गेलेलें काम तिला पुन्हां बोलावूं लागलें. ती अर्ज करते. एक, दोन, सात, दहा. कोठून उत्तरच येत नाहीं. कोठून ‘कळवूं’ असें उत्तर येतें आणि पुढें कांहींच कळविलें जात नाहीं. दहाव्या अर्जानंतर ती स्वतःशींच म्हणूं लागते कीं, आपलें शिक्षण वाया गेलें.

येथें साहजिकच एक प्रश्न उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें २ कोटि ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही सुमारें ५८ लाखांची उणीव होती. एवढी उणीव असतांना शिकलेल्या, सहा वर्षें काम केलेल्या बाईला दार बंद कां असावें? याचें उत्तर असें कीं, उणीव म्हणजे रिकामी जागा नव्हे. किती परिचारिका हव्यात हें रोग्यांच्या संख्येवरून ठरतें. किती नेमावयाच्या हें इस्पितळाच्या तिजोरीवरून ठरतें. त्यांतही ज्या थोड्या जागा निघतात त्यांसाठीं नुकतीच परीक्षा उतरलेली, कमी पगारावर राहणारी, घराचा पाश नसलेली मुलगी समोर उभी असते. अशा वेळीं मेट्रनच्या, म्हणजे आजच्या सरकारी भाषेंत अधिसेविकेच्या, मनांत परत येणाऱ्या बाईविषयीं चार शंका येतात. हिची नोंदणी चालू आहे काय? हिला काम आठवतें काय? हिला पाळ्या झेपतील काय? आणि ही टिकेल काय? अर्जाला ‘नाहीं’ म्हणणारा माणूस बहुधा या चारांपैकीं एका शंकेमुळें ‘नाहीं’ म्हणतो, परंतु ती शंका बोलून दाखवीत नाहीं. चिकाटीचें पहिलें काम ती न बोललेली शंका ओळखणें हें होय.

पहिली शंका कागदाची. ती सर्वांत क्षुद्र वाटते आणि सर्वांत अधिक अर्ज अडवते. परिचारिकेचें नांव राज्याच्या नोंदवहींत असल्याशिवाय तिला कायद्यानें काम करतां येत नाहीं. मुंबई इलाख्यांत ही नोंदणी १९३५ च्या कायद्यानें सुरू झाली. पुढें १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालीं महाराष्ट्र परिचर्या परिषद हें काम पाहूं लागली. ही नोंदणी एकदां केली कीं जन्मभर पुरते, असा पुष्कळ जणींचा समज असतो. तो चुकीचा आहे. ती ठराविक मुदतीनें नवी करून घ्यावी लागते. नोकरीवर असतांना इस्पितळाचें कार्यालय तिची आठवण देतें. घरीं बसलेल्या बाईला आठवण देणारा कोणी नसतो. तेव्हां पहिला अर्ज नोकरीसाठीं न करतां नोंदणीसाठीं करावा. दुसरी अडचण नांवाची. परीक्षेचें प्रमाणपत्र माहेरच्या नांवाचें, आधारपत्र सासरच्या नांवाचें, आणि दोहोंना जोडणारा कागद हातीं नाहीं, असें शेंकडों घरीं आढळेल. विवाह-नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रांतील नांव बदलल्याची प्रसिद्धि आधीं मिळवून ठेवली म्हणजे ऐन मुलाखतीच्या दिवशीं धांवपळ होत नाहीं. जुन्या इस्पितळाचा अनुभवाचा दाखलाही याच वेळीं मागावा. कारण वर्षें लोटतात तसतसे तेथील ओळखीचे लोक निवृत्त होतात आणि जुनीं दप्तरें सांपडेनाशीं होतात.

दुसरी शंका ज्ञानाची. ही शंका अपमान म्हणून घेण्याचें कारण नाहीं, कारण ती रोग्याच्या जिवाची आहे. हातांचें वळण सहसा जात नाहीं. पोहणें शिकलेला मनुष्य जसा बुडत नाहीं, तशी शिरेंत सुई घालण्याची लकबही थोड्या सरावानें परत येते. परंतु ज्या गोष्टी मधल्या काळांत बदलल्या त्या सरावानें येत नाहींत. त्या नव्यानें शिकाव्या लागतात. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रोग्याला सांवरण्याचा क्रम हें याचें ठळक उदाहरण आहे. पूर्वीं आधीं श्वासमार्ग, मग श्वास आणि मग छातीवर दाब असा क्रम शिकवीत. २०१० सालीं तो बदलला आणि छातीवर दाब देणें पहिलें झालें. कारण रक्ताचा प्रवाह थांबलेला प्रत्येक क्षण मेंदूला घातक असतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली निदान ५ सेंटिमीटर पण ६ हून अधिक नाहीं, आणि ३० दाबांमागें २ श्वास, असें आजचें प्रमाण आहे. जिचें शिक्षण जुन्या क्रमावर झालें तिनें तें आठवून सांगितलें, तर परीक्षकाच्या दृष्टीनें तें विसरण्याहून वाईट. कारण ती चूक पूर्ण विश्वासानें केलेली असते.

वॉर्डांतल्या बादल्यांचेंही तसेंच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणें रक्तानें भिजलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवींत, सलाईनच्या नळ्या व हातमोजे लालमध्यें, सुया व पातीं न टोंचणाऱ्या पांढऱ्या डब्यांत आणि कांचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या पेटींत जावयास हव्यात. हा नियम पाठ नसलेली परिचारिका पहिल्याच दिवशीं ओळखूं येते. सलाईन मोजून देणारे पंप आणि संगणकावरच्या नोंदी यांची ओळखही करून घ्यावी लागते. परंतु यंत्र आहे म्हणून हिशोब विसरून चालत नाहीं. चाचणी परीक्षेंत असा प्रश्न हमखास येतो: ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचें आहे, संचांतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? पांचशेंला वीसनें गुणलें म्हणजे १०,००० थेंब. चार तासांचीं मिनिटें २४०. भागाकार सुमारें ४२. गणित चौथी-पांचवीच्या मुलाचें आहे. परंतु नऊ वर्षांत न केलेलें गणित परीक्षेच्या घड्याळापुढें अवघड होतें. रोज सकाळीं अशीं पांच गणितें सोडविलीं तर पंधरा दिवसांत भीति जाते.

दार उघडेपर्यंतचा काळ असा अभ्यासांत घालविण्याचा एक मोठा दाखला परिचारिकांच्याच इतिहासांत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८४५ सालीं सॉल्झबरीच्या इस्पितळांत जाऊन काम शिकण्याची परवानगी घरच्यांजवळ मागितली. ती नाकारली गेली. १८५१ सालीं तिला जर्मनींतील कैझर्सवर्थ येथें शिकावयास मिळालें आणि १८५३ सालीं लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्या हातीं आली. मध्यें आठ वर्षें गेलीं. त्या वर्षांत तिनें केवळ वाट पाहिली नाहीं. घरचे लोक उठण्यापूर्वीं पहाटे उठून इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे अहवाल वाचावे, त्यांवरून टिपणें काढावीं, असा तिचा क्रम होता. १८५४ सालीं स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत तिला जें करतां आलें त्याची तयारी या पहाटेच्या तासांत झाली होती. महाराष्ट्रांतही रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदननें विधवांना ससून इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पाठविलें. शाळेचें तोंडही फारसें न पाहिलेल्या त्या स्त्रियांना पोक्त वयांत पाटी हातीं घ्यावी लागली, आणि घरच्यांचा व समाजाचा विरोध सोसावा लागला तो निराळाच. आजच्या बाईला निदान आरंभापासून आरंभ करावयाचा नाहीं.

तिसरी व चौथी शंका, म्हणजे शरीर आणि टिकाव, यांचें उत्तर कागदावर देतां येत नाहीं. तें मुलाखतींत द्यावें लागतें. पुष्कळ जणी येथें दोन चुका करतात. कांहीं जणी मधलीं वर्षें लपवितात. तें अप्रामाणिक तर आहेच, शिवाय दाखल्यांवरच्या तारखांवरून लागलेंच उघडकीस येतें. कांहीं जणी त्या वर्षांबद्दल क्षमा मागत राहतात. वास्तविक दोहोंचीही गरज नाहीं. आपण कल्पिलेल्या परिचारिकेची मुलाखत अशी होऊं शकेल. अधिसेविका विचारतात, “नऊ वर्षें वॉर्ड पाहिला नाहींत, सिस्टर. मधल्या काळांत काय केलेंत?” ती म्हणते, “सासूबाई चार वर्षें पक्षाघातानें अंथरुणावर होत्या, मॅडम. दर दोन तासांनीं त्यांची कूस बदलली. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला व्रण झाला नाहीं.” हें वाक्य सामान्य माणसाला साधें वाटेल, परंतु चार वर्षें निजलेल्या रोग्याची पाठ अखंड राखणें म्हणजे काय, हें अधिसेविकेला सांगावें लागत नाहीं. पुढें प्रश्न येतो, “रात्रपाळीचें कसें?” आणि उत्तर तयार असतें: “इतरांना लावाल तेवढ्या मलाही लावा. रात्रीं मुलांजवळ माझी आई असते, आणि सकाळीं त्यांचे वडील त्यांना शाळेंत सोडतात.” ‘जमवीन कसें तरी’ या उत्तरानें जी शंका वाढली असती, ती या उत्तरानें मिटते.

अर्थात हें उत्तर खरें असावें लागतें, आणि तें खरें करणें एकट्या बाईच्या हातांत नसतें. घरांतील कर्त्या पुरुषानें रात्रीं मुलाला ताप आला तर आपण उठूं, असें ठरविलेलें नसेल, तर बायकोची चिकाटी कितीही मोठी असो, पहिल्याच महिन्यांत मोडते. म्हणून अर्ज धाडण्यापूर्वीं घरांत बसून पाळ्यांचें वेळापत्रक मांडणें हाही नोकरी शोधण्याचाच भाग समजावा. याचप्रमाणें इस्पितळाला विचारण्यासारखेही कांहीं प्रश्न असतात. २०१७ सालीं दुरुस्त झालेल्या प्रसूतिलाभाच्या कायद्यानें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थेवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन घातलें. लहान मूल असलेल्या बाईनें ती सोय कोठें आहे, असें नम्रपणें विचारण्यांत कांहींच वावगें नाहीं.

आतां कोणत्या दारावर थाप द्यावी, हा प्रश्न. सरकारी नोकरीची ओढ सर्वांनाच असते. परंतु तेथें वयाची मर्यादा आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ती सर्वसाधारण उमेदवारांना ३८ व मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वाढविली. प्रत्येक जाहिरातींतील अट मुळांत वाचावी आणि ती आपल्याला लागत नसेल तर तो अर्ज करून सहा महिने आशेंत घालवूं नयेत. तें दार बंद आहे हें लवकर कळणें हाही लाभच होय. मोठ्या खाजगी इस्पितळाचें दार पहिल्या खेपेस न उघडल्यास लहान शुश्रूषागृह, रक्तशुद्धीचें केंद्र किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागा यांचा विचार करावा. तेथें सहा महिने केलेलें काम मागील नऊ वर्षांच्या खंडाला मागें टाकतें. कारण पुढच्या अर्जांत ‘शेवटचा अनुभव’ या रकान्यांत नऊ वर्षांपूर्वींची तारीख न येतां कालचीच तारीख येते. मात्र दोन बाबतींत सावध असावें. नोकरी लावून देतों म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावें, आणि मूळ प्रमाणपत्रें कोणाच्याही ताब्यांत ठेवूं नयेत. तीं दाखवावीं आणि परत घ्यावीं.

एवढें करूनही नकार येतात. त्यांसाठीं एक साधी वही पुरते. तींत पांच रकाने असावेत: तारीख, इस्पितळ, कोणाला भेटलें, काय उत्तर आलें, आणि त्यावर काय केलें. अर्ज दिल्यावर दहा-बारा दिवसांनीं एकदां समक्ष जाऊन चौकशी करावी. तीही सकाळचा राउंड किंवा पाळीबदल चालू असतांना करूं नये, दुपारच्या निवांत वेळीं करावी. नकार मिळाल्यास, “माझ्यांत काय कमी पडलें तें सांगाल काय?” असें विचारावें. सर्वच सांगणार नाहींत. परंतु तिघांपैकीं एकानें सांगितलें तरी पुष्कळ झालें.

समजा, अशा वहींत चौदा नोंदी झाल्या. त्या वाचतांना दिसतें कीं, सहा ठिकाणीं ‘अनुभव जुना’ असें उत्तर आहे, तिघांनीं रात्रपाळीविषयीं विचारून पुढें बोलावलें नाहीं, दोघांनीं वय सांगितलें, आणि तीन अर्ज योग्य माणसाच्या हातीं पोंचलेच नाहींत. आतां हे चौदा पराभव राहिले नाहींत. या चार गोष्टी झाल्या. अनुभव जुना म्हणणाऱ्यांसाठीं प्राणरक्षणाच्या प्राथमिक शिक्षणाचा ताजा दाखला मिळवावा आणि लहान जागीं काम धरावें. रात्रपाळीच्या शंकेला घरचें वेळापत्रक हें उत्तर आहे. न पोंचलेले अर्ज स्वतः नेऊन द्यावे. वयाची अट मात्र बदलतां येत नाहीं. तीं दोन इस्पितळें सोडून द्यावीं. पंधरावा अर्ज चौदाव्यासारखाच असेल, तर ती चिकाटी नव्हे, केवळ संवय झाली. पंधराव्यांत एक तरी गोष्ट नवी असली पाहिजे.

येथवरचा विचार बाईच्या बाजूनें झाला. परंतु सर्व भार तिच्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. ब्रिटनमध्यें परिचारिकांची नोंदणी चालू ठेवण्यास तीन वर्षांत ४५० तास काम झालेलें असावें लागतें. तितकें न झाल्यास पुन्हां कामावर येण्यासाठीं खास अभ्यासक्रम किंवा चाचणी यांची वाट ठेवलेली आहे. या व्यवस्थेचा अर्थ ध्यानांत घेण्यासारखा आहे. परिचारिकेच्या आयुष्यांत खंड पडणारच, तो कलंक नव्हे, आणि तो भरून काढण्याचा रस्ता आंखून देतां येतो, हें तेथें मान्य झालें आहे. आपल्याकडील एखाद्या मध्यम इस्पितळालाही एवढें करतां येण्यासारखें आहे कीं, परत येणाऱ्या बाईला पहिले चार आठवडे एका जुन्या परिसेविकेच्या सोबतीनें काम द्यावें, तिच्या हातीं एकटीवर वॉर्ड सोंपवूं नये, आणि महिन्याच्या अखेरीस तिची परीक्षा घ्यावी. यांत इस्पितळाचा खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. नवी मुलगी औषध देण्यास चटकन् शिकते. परंतु रडणाऱ्या नातेवाइकाला काय सांगावें, आणि रोगी गप्प झाला तर तो शांत झाला आहे कीं बिघडला आहे, हें ओळखण्यास वर्षें लागतात. तीं वर्षें परत येणाऱ्या बाईच्या गांठीं असतात.

आपण कल्पिलेल्या परिचारिकेला पंधराव्या अर्जावर नोकरी मिळाली, असें सांगून हें विवेचन संपवितां आलें असतें. परंतु कोणाला ती आठव्यावर मिळेल, कोणाला तिसाव्यावर. आणि कोणाला मनासारखी न मिळतां तिच्या जवळपासची मिळेल. तो आंकडा कोणाच्याच हातांत नाहीं. हातांत आहे ती वही, सकाळचीं पांच गणितें आणि पुढचा अर्ज मागच्याहून थोडा अधिक भरींव करणें. ज्या दिवशीं ती पुन्हां पांढरा गणवेष घालून रात्रीं वॉर्डांत उभी राहील आणि खाटेवरचा कोणी वृद्ध, “सिस्टर, थोडें पाणी,” म्हणून हांक मारील, त्या दिवशीं तिचे नऊ वर्षांचे घर आणि त्याआधींचीं सहा वर्षें हीं दोन्ही त्या हाकेला उत्तर देण्यास तिच्यासोबत असतील.